भुईमुगाची उगवण आणि जमिनीची ऊब : शाळेत करण्याजोगा एक प्रयोग

उन्हाळी भुईमूग थंडी ओसरण्यापूर्वीच पेरल्यास शेतात पुष्कळदा नांगे पडतात आणि दोष बियाण्यास दिला जातो. बियाणे उत्तम असूनही केवळ जमीन गार असल्यामुळे ते उगवत नाही, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थी एका साध्या प्रयोगाने गावास दाखवू शकतील.

साहित्य : मातीचे चार परळ, चाळलेली वाळू, भुईमुगाचे व गव्हाचे प्रत्येकी ४० निवडक दाणे, दोन खोकी, पेंढा, गोणपाट व दोन तापमापक.

कृती : जानेवारीच्या आरंभी प्रत्येक परळात ओली वाळू भरून एकाच पिकाचे २० दाणे सारख्या खोलीवर लावावेत. भुईमुगाचा एक व गव्हाचा एक असे दोन परळ खोक्यात ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकावे व खोके बाहेर सावलीत ठेवावे. उरलेले दोन परळ पेंढा भरलेल्या खोक्यात, घरातील उबदार जागी ठेवावेत. चारही परळांतील ओलावा सारखा राखावा. तो कमीजास्त झाल्यास फरक उबेमुळे पडला की पाण्यामुळे, हे सांगता येणार नाही. रोज सकाळी व दुपारी वाळूचे तापमान आणि उगवलेल्या दाण्यांची संख्या वहीत नोंदवावी.

निष्कर्ष : गहू हे थंडी मानवणारे पीक असल्याने तो गार जागीही उगवतो, मात्र काहीसा सावकाश. भुईमूग उबदार जागी लवकर व एकसारखा उगवतो. गार जागी तो रेंगाळतो आणि काही दाणे कुजतात. कारण उघड आहे. बीजातील साठविलेल्या अन्नाचे अंकुरासाठी रूपांतर होण्यास ऊब लागते. ती न मिळाल्यास दाणा ओल्या मातीत नुसता पडून राहतो व त्यास बुरशी लागते.

शेतकऱ्यांनी काय करावे : भुईमुगास हेक्टरी १०० किलो किंवा त्याहूनही अधिक बियाणे लागते, ते वाया जाणे परवडणारे नाही. सकाळच्या वेळी जमिनीत ५ सेंटिमीटर खोल तापमापक ठेवून तापमान पाहावे. ते सतत काही दिवस १८ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले, म्हणजे बीजप्रक्रिया करून पेरणी करावी. मात्र फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे पेरणी लांबवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या साहाय्याने ही नोंद पेरणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहिण्याची व्यवस्था करावी.