दोन द्रावक एकत्र करण्यापूर्वी

दोन द्रावक एकमेकांत मिसळतात का, हे परीक्षानळीत दिसते. ते एकत्र ठेवणे धोक्याचे आहे का, हे मात्र नळीत वेळेवर कळत नाही. म्हणून आधी दोन्हींची सुरक्षापत्रके वाचा आणि मगच नळी हातात घ्या.

ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म कोणत्याही प्रमाणात मिसळतात, द्रावण स्वच्छ दिसते. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली थोडा जरी गेला, तरी दोघांची अभिक्रिया होऊन क्लोरोब्युटॅनॉल तयार होते. त्या वेळी इतकी उष्णता निघते की मिश्रण उकळून बाहेर उसळते, आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुटते. ॲसिटोनने किंवा अल्कोहोलने धुतलेल्या ओल्या भांड्यात नायट्रिक आम्ल ओतू नका. इथर आणि टीएचएफ जुने झाले की त्यांत स्फोटक पेरॉक्साइड साठतात; झाकणाशी स्फटिक दिसले तर बाटली हलवूही नका, प्रयोगशाळा प्रमुखांना सांगा.

आता चाचणी. बर्नर विझवा, गॉगल लावा, फ्यूमहूडमध्ये काम करा. कोरड्या परीक्षानळीत दोन्ही द्रावक प्रत्येकी १ मिली घ्या. बूच लावून हलक्या हाताने हलवा आणि लगेच बूच सैल करून वाफ जाऊ द्या. इथर ३५ अंशांना, डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते, त्यामुळे दाब लवकर वाढतो. नळी थोडा वेळ स्थिर ठेवा. दोन थर किंवा गढूळपणा दिसला तर ते पूर्ण मिसळत नाहीत.

एकाच प्रमाणावर निकाल देऊ नका. १:९ आणि ९:१ हेही करा. पाण्यात सुमारे ८ टक्के इथिल ॲसिटेट विरघळते, त्यामुळे थोडेसे घातले तर ते पूर्ण मिसळल्यासारखे वाटते. तापमानही लिहा. कोरडे मेथॅनॉल आणि हेक्झेन २५ अंशांना दोन थरांत राहतात, पण पस्तिशीच्या आसपास एक होतात. नागपूरच्या मे महिन्यातला निकाल जानेवारीत मिळेलच असे नाही.

पाण्याचा थर कोणता, हे पाठांतरावर सोडू नका. हेक्झेन पाण्यावर तरंगते, डायक्लोरोमिथेन तळाशी जाते. तरी पाण्याचे दोन थेंब टाकून ते कोणत्या थरात मिसळतात ते पाहा.

उरलेले मिश्रण सिंकमध्ये ओतू नका. क्लोरीनयुक्त द्रावकांची बाटली वेगळी ठेवा, तिच्यात ॲसिटोन किंवा अल्कली जाऊ देऊ नका. आणि बाटलीवर नुसते 'वेस्ट' लिहू नका; आत ओतलेल्या प्रत्येक द्रावकाचे पूर्ण नाव आणि तारीख लिहा.