तांब्याचा हिशेब : विल्सन विकार आणि आनुवंशिकता

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी सर्वदूर प्रसिद्ध आहेत. रामकुंडावर आलेले यात्रेकरू गोदाजल तांब्याच्या गडूत भरून घरी नेतात. त्यामुळे मुलाच्या यकृतात तांबे साचल्याचे निदान झाले, की घरातील भांड्यांविषयी शंका येणे स्वाभाविक आहे.

ही शंका सर्वस्वी निराधार नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापविलेले दूध तान्ह्या मुलांना पाजणे आणि त्या काळी अनेक बालके दगावणारा यकृताचा विकार, यांचा संबंध त्यांनी दाखविला. पुढे भांडी बदलली व तो विकार जवळजवळ नाहीसा झाला.

विल्सन विकार मात्र याहून निराळा आहे. लंडनच्या डॉ. किनिअर विल्सन यांनी त्याचे वर्णन १९१२ मध्ये केले. मूळ जनुक सापडण्यास १९९३ साल उजाडले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा असल्याने त्याला हा जमाखर्चाचाच प्रश्न वाटतो. अन्नातून रोज एक-दोन मिलिग्रॅम तांबे शरीरात जमा होते आणि अतिरिक्त तांबे यकृत पित्तावाटे खर्ची टाकते. हे काम करणाऱ्या प्रथिनाचा आराखडा तेराव्या गुणसूत्रावरील एटीपी७बी या जनुकात असतो. आराखडा बिघडला, की खर्चाची बाजू बंद पडते. शिल्लक प्रथम यकृतात व नंतर मेंदूत साचते. डोळ्यांच्या पारदर्शक पटलाच्या कडेला तपकिरी वलयही दिसू लागते.

या जनुकातील शेकडो बदल आजवर नोंदले गेले आहेत. पश्चिम भारतातील ५२ रुग्णांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ प्रकारचे बदल आढळले, त्यांपैकी १४ पूर्वी अज्ञात होते. सर्वाधिक आढळलेल्या बदलात १,४६५ दुव्यांच्या प्रथिनाची बांधणी २७१ व्या ठिकाणीच थांबते.

आई व वडील या दोघांकडून सदोष प्रत आली तरच विकार होतो. एकच सदोष प्रत असलेली व्यक्ती केवळ वाहक असते, तिला औषधाची गरज नाही. म्हणून एकट्या आईला बोल लावणे अन्यायाचे आहे, आणि ते आपल्याकडे अजूनही घडते. आतेमामे भावंडांच्या विवाहात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते.

रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा विकार असण्याची शक्यता चारात एक असते, मग ते भावंड कितीही धडधाकट दिसो. त्यांच्या डोळ्यांची, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिनची व चोवीस तासांच्या लघवीतील तांब्याची तपासणी करून घ्यावी. रुग्णातील जनुकीय बदल ज्ञात असल्यास भावंडांत नेमका तोच शोधता येतो. लक्षणांपूर्वी औषध सुरू झाले, तर यकृत बहुधा वाचते. पेनिसिलामिन १९५६ पासून उपलब्ध आहे, जस्ताची औषधेही आहेत. ती जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून अथवा पैशांअभावी ती बंद केल्यास यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो.