वजन जास्त आहे, पिशवी काढायची आहे. पोट चिरायलाच हवं का?

औसा तालुक्यातून ४६ वर्षांच्या एक बाई मोठ्या जावेला घेऊन आल्या. हातात सोनोग्राफीचे तीन रिपोर्ट. वजनकाट्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, मग हातातल्या बांगड्यांकडेही एकदा पाहून घेतलं. काटा ८१ किलोवर थांबला. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स ३६. आपल्याकडे २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

"डाक्टर, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जातंय. पिशवी काढा म्हनले. पर तुमी लई जाड हाव, पोट चिरूनच काढावी लागंल म्हनले. आन् चिरलं की जखम पिकती म्हनत्यात."

यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर टाक्यांची जखम पिकण्याचा, उकलण्याचा आणि पुढे हर्निया होण्याचा धोका वाढतो. पण मग त्याच कारणासाठी पोट चिरणं टाळायला नको का? लातूर-नांदेडकडच्या अनेक बायकांना नेमकं उलटं सांगितलं जातं, म्हणून आजचा हा विषय.

आधी गरज तपासा

चरबी नुसती साठून राहत नाही, ती स्वतः इस्ट्रोजेन तयार करते. वजन जास्त असलं की बीजही वेळेवर सुटत नाही. मग या हार्मोनला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडतं आणि पिशवीचं अस्तर वाढतच राहतं. जास्त रक्तस्राव त्यातून होतो आणि अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही त्यातूनच वाढतो. म्हणून पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली, किंवा वजन जास्त असेल तर त्याआधीही, अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. कर्करोग निघाला तर ऑपरेशनच वेगळं असतं. तो नसेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे. ती किमान ५ वर्षं काम करते आणि अनेकींचं ऑपरेशन वाचवते.

शेजारच्या बीडचा अनुभव विसरता येत नाही. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. पाळीमुळे खाडा नको आणि पुढे कॅन्सर होईल अशी भीती, या दोन गोष्टींनी कित्येक तरुण बायका टेबलावर पोहोचल्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढू नये.

वाटा तीन

*खालून.* योनीमार्गातून पिशवी काढतात. पोटावर एकही टाका नाही, म्हणून लोक याला बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात. टाके असतात, पण आत, आणि ते विरघळतात. कण्यात भूल देऊन भागतं. ज्या चरबीची एवढी भीती घातली जाते ती या वाटेत आडवी येतच नाही. पिशवी हलती असावी, फार मोठी नसावी. आधी नॉर्मल बाळंतपणं झाली असतील तर काम सोपं जातं. जिथे शक्य आहे तिथे हीच वाट पहिली, असं जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ मानतात. अंग बाहेर आलं असेल तरच खालून करतात, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

*दुर्बिणीतून.* खालून जमणार नसेल, बीजकोषावर गाठ असेल, आतडी चिकटलेली असतील, तर ही दुसरी वाट. अर्धा-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पडतात, जखम पिकण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं. मात्र यात पोटात गॅस भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. जड पोटाचा सगळा भार छातीच्या पडद्यावर येतो, त्यामुळे पूर्ण भूल आणि मुरलेला भूलतज्ज्ञ हवा. रोबोट हीसुद्धा दुर्बिणीचीच महागडी बहीण. फार जास्त वजन किंवा कर्करोग असेल तर तिचा उपयोग होतो, पण साध्या गाठीसाठी त्यापायी कर्ज काढू नका.

*पोट चिरून.* पिशवी बेंबीच्या वर गेलेली असेल किंवा आत सगळं चिकटून बसलं असेल तर हीच वाट सुरक्षित ठरते. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरं करावं लागलं, तर तो डॉक्टरचा पराभव नव्हे. पण "जाड आहे" एवढंच कारण पुरेसं नाही. पोट जितकं जाड, तितकं ते न उघडण्यात शहाणपण.

तयारी

त्या औशाच्या बाईंना तपासताना पोटाची घडी उचलली. खाली ओलसर लाल चट्टा आणि त्यावर थापलेली पावडर. अशा कातडीतून चीर घेतली की जखम पिकणारच. आधी मलम, घडी कोरडी ठेवणं, आणि चट्टा गेल्यावरच ऑपरेशन. केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात.

शुगर आटोक्यात आणा. रक्त कमी असेल तर लोहाची सलाईन घेऊन हिमोग्लोबिन वाढवा. रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे भूलतज्ज्ञाला सांगा. वजन कमी करायची आठवड्याची सुई चालू असेल तर तेही लपवू नका, तिने जठर उशिरा रिकामं होतं. वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी फायदा आहे. पण रक्त वाहत असताना "आधी २० किलो कमी करा, मग या" हा सल्ला कामाचा नाही.

रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन एका छताखाली असतील असं ठिकाण निवडा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पहिलं मत कुठलंही असो, दुसरं मत तिथे घेता येतं.

नंतर

आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या बाईला बाळंतिणीसारखं बाजेवर निजवतात, वर शिरा आणि डिंकाचे लाडू. वजन जास्त असलेल्या बाईला हे लाड धोक्याचे आहेत. पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आधार घेऊन चालायचं. पाण्याची घागर सहा आठवडे उचलायची नाही. ताप, घाण वासाचं पाणी, एका पोटरीला सूज किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पिशवी काढल्याने वजन वाढतंच असं नाही. मात्र पाळी चालू असताना दोन्ही बीजकोष विनाकारण काढले तर हाडं आणि हृदय दोन्हीला फटका बसतो. ते ठेवणार का, हे आधीच विचारा.

औशाच्या बाईंच्या अस्तरात कर्करोग नव्हता. गोळ्या वर्षभर खाऊन झाल्या होत्या, पिशवीत बसवलेली हार्मोनची वस्तू तिथल्याच गाठीमुळे बाहेर पडली होती. तीन नॉर्मल बाळंतपणं, हलती पिशवी. खालूनच काढली. तिसऱ्या दिवशी जावेचा हात न धरता चालत घरी गेल्या.

म्हणून बायांनो, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. काढायलाच हवी का? अस्तर तपासलं का? खालून किंवा दुर्बिणीतून का होणार नाही? चौथा थोडा अवघड आहे, तोही विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? ही रातोरात उरकायची शस्त्रक्रिया नाही. उत्तर समजेपर्यंत कागदावर सही करू नका.