थ्री नॉट थ्री : एका रायफलीचा आणि तिच्या काडतुसाचा अभ्यास

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव न ऐकलेला माणूस आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही. जुने पोलिसपट, एनसीसीची परेड, निवडणुकीचा बंदोबस्त, सगळीकडे ही लांबलचक लाकडी रायफल आपण पाहिलेली असते. पण हा आकडा नक्की कशाचा, असं विचारलं की भलेभले गडबडतात. कुणी म्हणतं मॉडेल नंबर, तर कुणाला तो कलम ३०२ चा धाकटा भाऊ वाटतो!

मित्रांनो, हा आकडा साधा आहे. नळीच्या आतला व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. नळीत पीळदार खाचा असतात. दोन खाचांमधल्या उंचवट्यांवर मोजलेलं हे माप. गोळीचा व्यास मात्र सुमारे .३११ इंच, म्हणजे नळीपेक्षा किंचित जास्त! गोळी खाचांत घट्ट रुतावी, मागचा वायू बाजूने निसटू नये आणि गोळीला फिरकी मिळावी, म्हणून हा सगळा खटाटोप. फिट्स अँड टॉलरन्सेस हा धडा ज्यांना कोरडा वाटतो, त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

१. रायफल

या रायफलीचं खरं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत नाव कमावलेला संशोधक. बोल्ट आणि मॅगझिनची रचना त्याची. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथे सरकारी शस्त्र कारखाना होता. १८९५ साली ली-एनफिल्ड ब्रिटिश सैन्यात आली आणि १९०७ साली तिचा सर्वांत गाजलेला अवतार, एसएमएलई मार्क ३, तयार झाला. सगळे प्रकार मिळून १ कोटी ७० लाखांच्या आसपास नग बनले असं धरलं जातं.

तिची खुबी बोल्टमध्ये आहे. बहुतेक समकालीन रायफलींत बोल्टला कुलूप घालणारे कान पुढच्या टोकाला असत. लीने ते मागे ठेवले. त्यामुळे बोल्टला फार मागे ओढावं लागत नाही आणि तो फक्त ६० अंशांत फिरतो. मॅगझिनमध्ये १० गोळ्या बसतात, पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरून दाबायच्या की काम फत्ते. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाकडून एका मिनिटात ३०० यार्डांवर १५ नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. हाताने चालवायच्या रायफलीला हा वेग थोर म्हणायचा. तोटाही आहेच. कुलूप मागे असल्यामुळे बार उडताना बोल्ट आणि बॉडी दोन्ही किंचित ताणली जातात. म्हणजे वेग मिळवताना ताठरपणा थोडा सोडावा लागला. इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही, हे इथेही खरं.

२. काडतूस

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. बोलताना आपण त्याला ‘गोळी’ म्हणून मोकळे होतो, पण गोळी हा त्याचा फक्त पुढचा भाग. पितळी कोश, बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, अशी चौघांची ही एकत्र कुटुंबपद्धती आहे.

.३०३ चं काडतूस १८८८ साली आलं तेव्हा त्यात काळी दारू होती. लवकरच तिची जागा कॉर्डाइटने घेतली. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं चक्क व्हॅसलिन यांचं हे मिश्रण शेवयांसारखं लांब दोऱ्यांत काढत. गंमत बघा, कोशाची मान आधीच आवळली तर या शेवयांची जुडी आत जाणार कशी? म्हणून कोश सरळ असतानाच ती आत घालत आणि मान नंतर आवळत. प्रोसेस प्लॅनिंगचं याहून चांगलं उदाहरण सांगा बरं!

१९१० साली मार्क ७ हे काडतूस आलं आणि पुढे तेच रूढ झालं. त्याचा थोडा हिशोब करू.

गोळीचं वजन : ११.३ ग्रॅम
नळीतून सुटतानाचा वेग : सेकंदाला सुमारे ७४४ मीटर
गतिज ऊर्जा : सुमारे ३१०० ज्यूल
खाचांचा पीळ : १० इंचांत एक फेरा

म्हणजे नळीतून बाहेर पडताना गोळी सेकंदाला सुमारे २९०० फेरे घेत असते. मिनिटाचा हिशोब केला तर पावणेदोन लाखांच्या घरात! आता संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावा. रायफल ४ किलोची धरली, तर निव्वळ गोळीच्या जोरावर ती सेकंदाला २ मीटरहून अधिक वेगाने मागे येते. मागून येणाऱ्या वायूचा धक्का वेगळाच. ‘दस्ता खांद्यात घट्ट रोवा’ असं उस्ताद का ओरडतात, ते आता कळलं असेल.

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. कोश नळीत कुठवर जायचा हे ती कड ठरवते, त्यामुळे चेंबर थोडं सैल असलं तरी चालून जातं. पण पट्टीत किंवा मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की पुढचं काडतूस सरकत नाही. म्हणून भरताना वरची कड नेहमी पुढे.

३. काडतूस एक, रायफली दोन

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक रॉस नावाची रायफल घेऊन उतरले. काडतूस तेच, .३०३. नेमबाजीच्या स्पर्धांत रॉस अव्वल होती. पण १९१५ साली ईप्रच्या चिखलात, घाईच्या काळात बनलेल्या कमी-जास्त मापाच्या काडतुसांनी तिचा बोल्ट अडकू लागला. सैनिक बुटाने लाथा मारून बोल्ट उघडत होते आणि संधी मिळताच मेलेल्या ब्रिटिश सैनिकाची ली-एनफिल्ड उचलत होते. १९१६ मध्ये रॉस आघाडीवरून मागे घेतली गेली.

ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस होतं. चिखल, धूळ, एखादा जाडसर कोश, सगळं ती पोटात घेई. यंत्र एकटं चांगलं असून भागत नाही. त्याला जो माल मिळणार आहे, त्याच्यासकट ते चांगलं असावं लागतं. रॉसच्या कहाणीचं सार एवढंच.

४. माल कुठून यायचा?

इथे आपला महाराष्ट्र येतो. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जुन्या .३०३ कोशाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसली, तर ती खडकीची, म्हणजे इंग्रजी उच्चारातल्या ‘किर्की फॅक्टरी’ची सही समजायची. भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना १९६४ चा. त्याची खूण ‘ओ एफ व्ही’. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. रायफली मात्र बंगालमधल्या ईशापूरला बनत. आणि कोलकात्याजवळच्या दमदमचं नाव तर जगभर बदनाम झालं. १८९० च्या दशकात तिथे टोक उघडं ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी बनली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आणली, पण ‘दमदम बुलेट’ हा शब्द कायमचा राहिला.

५. काडतुसांचा हिशोब, माणसांचा हिशोब

१३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. ५० शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत .३०३ च्या १६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसं मेली. भागाकार करून पाहा : प्रत्येकी ३३ गोळ्या, मिनिटाला तीन-साडेतीन. ज्या रायफलीतून मिनिटाला १५ गोळ्या सुटतात, तिच्यातून एवढ्या सावकाश. म्हणजे हा घाबरून केलेला अंदाधुंद गोळीबार नव्हता. थांबून, नेम धरून केलेला होता. आणि तो थांबला तो काडतुसं संपत आली तेव्हा. साधा भागाकार कधी कधी साक्षीदाराचं काम करतो.

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हातात हीच हाताने बोल्ट ओढायची रायफल होती. समोरच्याकडे आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. त्यानंतर ईशापूरने याच आराखड्यात अधिक मजबूत पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटर काडतुसाची, १२ गोळ्यांच्या मॅगझिनची ‘टू-ए’ रायफल काढली. पुढे सैन्याने .३०३ सोडली, पण ती पोलिसांकडे राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटीवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती .३०३ होत्या, हे आपण सगळे जाणतो. त्या चर्चेत रायफलीचं वयच गाजलं. पण राम प्रधान समितीच्या अहवालातली दुसरी बाब जास्त बोचणारी आहे : दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव अपुरा पडला होता. रायफल जुनी असली तरी हात सरावलेला असू शकतो. काडतूसच नसेल, तर नव्या रायफलीचाही उपयोग नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी या रायफलीला समारंभाने निरोप दिला.

६. शौकिनांचे रोजचे उद्योग

इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात परवाना किंवा तिथले नियम पाळून या रायफली बाळगणारे हजारो हौशी लोक आहेत. त्यांचा बहुतेक वेळ गोळ्या झाडण्यात जातो असं वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. तो जातो साफसफाईत!

जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर नळीत उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा चुलतभाऊ. ते हवेतली ओल खेचतं आणि रात्रीत गंज चढतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून जुना शिपाई आधी नळीत उकळतं पाणी ओतायचा, मग पुलथ्रूला चिंदी लावून ओढायचा आणि शेवटी तेल. तेलाची कुपी आणि पुलथ्रू दस्त्यातल्या पितळी झाकणामागे ठेवलेले असत.

दुसरा उद्योग छाप वाचण्याचा. बोल्टच्या दांड्यामागच्या पट्टीवर राजमुकुट, कारखाना आणि साल कोरलेलं असतं. स्वातंत्र्यानंतरच्या ईशापुरी रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. बोल्ट आणि बॉडीचे नंबर जुळले तर मालकाची कॉलर ताठ. ते नुसतं मिरवणं नाही. बोल्ट त्याच बॉडीला जुळवून बसवलेला असतो, दुसरा घातला तर मागचं अंतर चुकून कोश फाटू शकतो.

तिसरा उद्योग काडतुसांची शोधाशोध. एके काळी सैन्याने विकायला काढलेला माल ढिगाने मिळे. तो आटला. आता सर्बिया, चेक प्रजासत्ताक इथले कारखाने नवीन .३०३ बनवतात. उरलेला जुना माल धोक्याचा. टोपीवर टोला बसतो, ‘टक्’ आवाज येतो आणि बार क्षणभर उशिरा उडतो. म्हणून नियम असा की बार उडाला नाही तरी नळी निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. घाईने बोल्ट उघडणाऱ्याच्या तोंडासमोर कोश फुटतो.

७. आणि आपल्याकडे?

शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे .३०३ सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची रायफल आहे. तिची रचना ली-एनफिल्डचीच, काडतूस तेवढं वेगळं. सैन्याची काडतुसं बाहेर गेली तरी लोकांच्या बंदुकांत चालू नयेत, हे ब्रिटिशांच्या काळातलं धोरण त्यामागे आहे. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस खिशात असणं हाही गुन्हा आहे. तेव्हा कॅम्पवरून ‘आठवण’ म्हणून काही आणून होस्टेलच्या कपाटात ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो तिथेच सोडून द्यावा.

नेमबाजीची खरी हौस असेल तर एनसीसीची .२२ आणि बालेवाडीसारखी रेंज आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. या पातळीवरचे खेळाडू आपल्या रायफलीला काडतुसांचा कुठला लॉट मानवतो हे आधी तपासतात आणि मग त्याच लॉटचा साठा करतात. ईप्रच्या चिखलातला धडा असा ऑलिंपिकपर्यंत पोचला आहे.

उद्या आपल्यापैकी कुणी पंप बनवील, कुणी सॉफ्टवेअर, कुणी कदाचित वरणगावला कोश तपासायला बसेल. यंत्राचा आराखडा काढताना एक प्रश्न कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : याला रोज लागणारा माल कोण पुरवणार, तो कसा असणार आणि तो संपला तर पुढे काय?