कारागिराला दुखापत : मालकाची जबाबदारी

पापडीत दोन-चार माणसांवर चालणारे फर्निचरचे, वेल्डिंगचे गाळे आहेत. अशा ठिकाणी एखाद्याचा अंगठा कटरमध्ये गेला, की मालक दवाखान्याचे बिल भरतो, हातात काही हजार ठेवतो, कागदावर सही घेतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. ही समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे.

आमच्याकडे दहा माणसे नाहीत, मग कायदा कुठला, असे बरेच मालक म्हणतात. दहाची अट साधारणपणे ई.एस.आय.ला आहे. 1923 च्या भरपाई कायद्याला ती नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्या भरपाईच्या प्रकरणातही ती नाही. माल बनतो त्या जागी एकच कारागीर असो, रोजावर असो, जबाबदारी मालकाची.

हिशेब पाहा. कारागीर 30 वर्षांचा, पगार 15,000 रुपये. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वयाच्या 207.98 या गुणकाने गुणले की 18,71,820 रुपये होतात. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेल्यास कोष्टकाप्रमाणे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. औषधोपचाराचा खर्च निराळा.

कोष्टक म्हणजेही शेवटचा शब्द नव्हे. 1975 साली सुप्रीम कोर्टाने एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला. सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कोर्टाने त्याला शंभर टक्के अपंग धरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात आहे. महिनाभरात न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

मग त्या सहीच्या कागदाचे काय? हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दच असतो. तडजोड झालीच तर ती अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. मृत्यू झाल्यास भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. नेक मनाने दिले असले तरी दुसऱ्यांदा भरावे लागतात.

विमा कंपन्या यासाठी पॉलिसी देतात. ती घ्यावी, पण हप्ता वाचवण्यासाठी चार माणसांची दोन दाखवू नयेत. दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो.

कारागीर बांधवांनी दावा दोन वर्षांच्या आत करावा. पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कागदावर 'कामावर, मशीनने दुखापत' असे लिहून घ्यावे. 'घरी पडलो' असे लिहायला कोणी सांगितले, तर ऐकू नये.