सामायिक फाइल-साठा आणि त्याचे ड्रायव्हर

अनेक संगणकांना एकाच वेळी एकच फाइल-साठा वापरता यावा, ही गरज जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धती प्रचारात आणली, ती याच गरजेपोटी. क्लाउडमध्ये मात्र त्याच यंत्रसामग्रीवर परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक संस्था काम करीत असतात. तेथे साठा परक्यांपासून अलग राखणेही तितकेच अगत्याचे ठरते.

क्लाउड उभारण्याची ओपनस्टॅक ही मुक्त प्रणाली रॅकस्पेस ही कंपनी व नासा ही संस्था यांनी २०१० मध्ये सुरू केली. तिच्यातील सामायिक फाइल-साठ्याच्या सेवेस ‘मॅनिला’ म्हणतात. मॅनिला स्वतः फाइली साठवीत नाही. मागणी स्वीकारून ती योग्य साठा निवडते. पुढील काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर हा जणू दुभाषाच होय. मॅनिलाची आज्ञा तो त्या त्या साठा-यंत्रणेच्या भाषेत सांगतो.

प्रत्येक साठ्यासाठी व्यवस्थापक मांडणीच्या फाइलीत एक विभाग लिहितो व चालू साठ्यांच्या यादीत त्याचे नाव घालतो. विभागात ड्रायव्हर व साठा यांची नावे असतात, आणि एका प्रश्नाचे उत्तर असते: फाइल-सर्व्हर ड्रायव्हरनेच उभारावयाचे काय?

उत्तर ‘होय’ असल्यास ड्रायव्हर संस्थेच्या जाळ्याशी जोडलेला स्वतंत्र सर्व्हर निर्माण करतो. ‘जेनेरिक’ ड्रायव्हर यासाठी आभासी यंत्र उभारतो; परंतु ते बंद पडल्यास त्यावरील साठाही अप्राप्य होतो, म्हणून महत्त्वाच्या कामास तो योग्य नव्हे. उत्तर ‘नाही’ असल्यास सर्व्हर व जाळे व्यवस्थापकाने आधीच सिद्ध ठेवावे लागते. एलव्हीएम व सेफएफएस यांचे ड्रायव्हर या प्रकारचे आहेत. येथे अलगपणाची भिस्त जाळ्याच्या रचनेवर आणि प्रवेशाच्या नियमांवर असते.

साठ्याचा ‘प्रकार’ ठरविताना हेच उत्तर पुन्हा नोंदवावे लागते. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर मॅनिलास योग्य साठा सापडत नाही व मागणी निष्फळ होते. ही चूक तत्काळ कळते. प्रवेशाचा नियम सैल राहिल्यास मात्र सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि परक्याच्या फाइली उघड्या राहतात. याकरिता मांडणी बदलून सेवा पुन्हा सुरू केल्यावर एक लहानसा साठा मागवून पाहावा. परवानगी असलेल्या यंत्रावरून तो उघडला पाहिजे. परवानगी नसलेल्या यंत्रावरून उघडता कामा नये. या दोन्ही कसोट्या उतरल्यावरच मांडणी पुरी झाली असे समजावे.