अंगठा कशावर दिला?

ग्रामसभेचे रजिस्टर घेऊन शिपाई दारोदार फिरतो आणि बायाबापड्यांचे अंगठे घेऊन जातो, हे सातपुड्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या कोणालाही नवे नाही. सभा भरलेलीच नसते, पण कागदावर ती भरते, ठराव होतो, कामे मंजूर होतात. अशाच एका पाड्यावर एका पावरा आजीबाईंनी आमच्या कार्यकर्त्या भगिनीला विचारले, "बाई, मी अंगठा कशावर दिला?" या अंकातील अभ्यास त्या प्रश्नाभोवती आहे.

सुशासन हा शब्द आपल्याला जड वाटतो आणि राजकारण म्हटले की आपल्या मंडळीतील पुष्कळ जण हात झटकतात. पण हिशोब मागण्याची चळवळ मोठ्या शहरात सुरू झाली नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांवरची हजेरीपत्रके भर सभेत मोठ्याने वाचली गेली. आपण कधी गेलोच नाही त्या कामावर आपले नाव आहे आणि मजुरीही उचललेली आहे, हे लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. हजेरीपत्रक ही सरकारची खाजगी वही नव्हे, ती मजुरांचीही आहे, हे तेथे कळले. माहितीच्या अधिकाराची मागणी अशी मजुरीच्या पैशातून उभी राहिली.

महाराष्ट्रात ती मागणी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी लावून धरली. ऑगस्ट २००३ मध्ये ते मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात आला. देशाचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच सुमारास अण्णांनी चार मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले होते, त्यात जळगावचे सुरेश जैन होते. सरकारने न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. २००५ साली अहवाल आला, त्यात काही मंत्र्यांवर ठपका होता. पण अण्णांच्या वाढदिवसाच्या समारंभावर हिंद स्वराज ट्रस्टचे पैसे खर्च झाले, याबद्दल त्याच अहवालाने ट्रस्टलाही दोष दिला. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वात बोधक वाटतो. दुसऱ्याची वही उघडायला लावणाऱ्याची स्वतःची वहीही उघडली जाते, आणि ते योग्यच आहे. आपल्या मंडळीचा, वसतिगृहाचा, या पत्रिकेचासुद्धा जमाखर्च कोणी मागितला तर आपल्या कपाळावर आठी येऊ नये.

जळगावची दुसरी गोष्ट अधिक लांबली. गरिबांसाठीच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली! ज्यांना ते घर मिळायचे होते त्यांची मुले तेवढ्यात मोठी झाली. म्हणून पैसा गेल्यावर खटला चालवण्यापेक्षा पैसा जाण्याआधी प्रश्न विचारणे बरे, आणि त्यासाठी ग्रामसभेसारखी जागा नाही.

आपल्याकडे तर ती अधिक बळकट आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तेथे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षणही ग्रामसभेपुढेच व्हायला हवे. हे सारे आहे, आणि अंगठे मात्र दारोदार घेतले जातात.

एकत्र बसून ठरवले तर काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उजाड झालेले जंगल राखले. कुऱ्हाड चालवणाऱ्याला दंड किती, हे गावानेच ठरवले आणि तो नियम सगळ्यांना सारखा लावला. आज तेथे चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे आहे, विहिरींना पाणी आहे. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. पुढारी कसा असावा याबद्दल इथ्रोने मोशेला दिलेला सल्ला (निर्गम, अध्याय १८) आपण जाणतोच. लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडावीत, असे तो सांगतो. बारीपाड्याकडे पाहून एवढेच जोडावेसे वाटते की अशा माणसाभोवती प्रश्न विचारणारे गावही लागते.

आता आजीबाईंकडे येऊ. अंगठा कशावर घेतला हे कळण्यासाठी साध्या कागदावर अर्ज पुरतो. ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत लिहावे आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क नाही. "भ्रष्टाचार का झाला?" असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व उपस्थिती नोंदवहीची प्रत द्यावी" असे मागावे. पोच घ्यायला विसरू नये. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. खान्देशासाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे.

एकट्या माणसाने अर्ज दिला की गावात त्याच्यावर दबाव येतो, हे आम्ही पाहिले आहे. त्या पाड्यावर म्हणून तीन बचत गटांच्या बाया एकत्र गेल्या. अर्ज आजीबाईंच्याच नावाने होता. खाली त्यांनी अंगठाच दिला, पण त्याआधी भगिनीकडून तो दोनदा वाचून घेतला.